आकडा सांगायचा

चि. लेका,
अनेक आशीर्वाद.

अण्णांच्या प्रोस्टेटच्या, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरवर मिरजेत रेडिएशन सुरू झालंय, पण ते डॉक्टरांपुढे तोंड उघडत नाहीत आणि तू बोललास की बाहेर येऊन तुझ्यावरच भडकतात, असं लिहिलंयस. भडकणारच. सिस्टरांच्या देखत पोरानं लघवीचा विषय काढलेला कुठल्या बापाला आवडेल? तेव्हा तू गप्प बस. बोलायचं त्यांनीच, आणि आकड्यात.

आकड्यांचं त्यांना वावडं नाही. छाटणीपासून कितवा दिवस, दोनशे लिटर पाण्याला औषध किती, सगळं बागेच्या वहीत लिहिलेलं असतं. कृषी सेवा केंद्रात गेले की डाग पानाच्या वरून आहे का खालून, तेही सांगतात. आणि मिरजेत डॉक्टरांसमोर बसले की "बरं आहे"! त्यावरून डॉक्टरांनी काय ओळखायचं? त्याच वहीच्या मागच्या पानावर रोज लिहा: रात्री लघवीला किती वेळा उठले, शौचाला किती वेळा, जळजळ, रक्त. चालू असलेला काढा किंवा चूर्णसुद्धा.

रेडिएशनचं मात्र नीट वाच, सगळ्यात जास्त खोटं तिथं बोललं जातं. प्रोस्टेटच्या वर मूत्राशय, मागे गुदाशय. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात, किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. म्हणून आधी लघवी करून यायचं, मग साधारण अर्धा लिटर पाणी पिऊन अर्धा-पाऊण तास थांबायचं. तुमच्या सेंटरनं जे प्रमाण दिलंय तेच पाळा, कारण प्लॅनिंगचा सीटी स्कॅन त्याच हिशोबानं काढलेला असतो. आता होतं काय, नंबर लांबतो आणि या वयात धरवत नाही. माणूस गुपचूप संडासात जाऊन येतो आणि टेबलावर चढताना विचारलं तर "हो, भरलंय" म्हणतो. समोर लेकीच्या वयाची टेक्निशियन, तिला कसं सांगायचं! मशीनवर रोज स्कॅन काढत असतील तर चोरी लगेच उघडी पडते. नाहीतर कुणाला कळतही नाही आणि डोस आतड्याला बसतो. "धरवलं नाही, आत्ताच जाऊन आलो" एवढं म्हटलं तर जातो फक्त अर्धा-पाऊण तास.

तासगावातून पाणी पिऊन मोटारसायकलवर निघू नका. मिरजेत पोचा, नंबर कधी येतोय ते विचारा, मग प्या. पोट साफ नसेल, गॅस धरला असेल तर तेही सांगायचं. गुदाशय फुगलं की प्रोस्टेट जागचं हलतं. किरणांसाठी कमरेवर काढलेल्या खुणा साबणानं घासायच्या नाहीत.

दोन-तीन आठवड्यांनी लघवीला जळजळ होईल, फेऱ्या वाढतील. त्यावर औषध आहे, पण मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. रात्री दोनदा उठणारा माणूस सहादा उठायला लागला, हे वहीत दिसलं की डॉक्टर गोळी बदलतात. "जरा त्रास आहे" म्हटल्यानं काही होत नाही. आणि लघवी पुरती अडली, ओटीपोट फुगलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.

हार्मोनचं इंजेक्शन चालू असेल तर अंगातून वाफा निघतात, इच्छा मरते, ताठरपणा जातो. हे काही वहीत मावायचं नाही आणि तुझ्यासमोर तर अण्णा जन्मात बोलणार नाहीत. म्हणून तपासणीच्या वेळी पाच मिनिटं बाहेर जा. आईला आत थांबायचं का, ते अण्णांना ठरवू दे.

मी डॉक्टरकी करायचो तेव्हा पेशंटवर खेकसायचो, हे तुझ्या कानावर आलंय. खेकसायचो. बाहेर बाकडी भरलेली, आणि आत माणूस खरं सांगेना. पण "बरं आहे" म्हणायला आम्हीच शिकवलं, केसपेपरात मान घालून "काय, बरं आहे ना?" असं विचारत. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर कुठून येणार? एवढं मान्य. आकड्याचा हट्ट मात्र माझा बरोबरच होता, आजही आहे.

आणि त्यांचा लेंगा बंद कर. घाईच्या वेळी नाडीची गाठ सुटत नाही. इलॅस्टिकच्या दोन पँटी घे, एक पिशवीत असू दे.

तुझा,
काका