पेटीचं कुलूप काढा, सर

सर, रुजू होऊन महिना झाला अन् 'पोरं वाचतच नाहीत' म्हणताय. आधी ग्रंथपेटीचं कुलूप काढा. चार्जात, म्हणजे आपल्या ताब्यातल्या सामानाच्या यादीत, नोंद आहे म्हणून जपलेली पुस्तकं शेवटी उंदीरच वाचतात. खिडकीला दोरी बांधा, पोरांच्या हाताला येतील अशी लटकवा. फाटली तर फाटू द्या.

वाचून झालं की तात्पर्य विचारू नका. पोरगं गोष्टीतून उठून थेट परीक्षेला बसतं. 'कुठं हसू आलं?' एवढं पुरे.

माझ्या वर्गात एक जण अडखळत वाचायचा, स्वतःलाच ढ म्हणायचा. पण घरी आजोबांना रोज पेपरातला सोयाबीनचा भाव वाचून दाखवायचा! मी वर्गात म्हणालो, "मग हा वाचकच की." लाजला. आठवड्यानं 'किशोर'चा जुना अंक मागायला आला. (बालभारती १९७१ पासून काढते हे मासिक, जुने अंक नेटवर फुकट आहेत.)

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन बऱ्याचदा फोटोपुरताच होतो. त्यापेक्षा रोज दहा मिनिटं तुम्ही स्वतः पोरांसमोर वाचत बसा. मोबाइल नव्हे, पुस्तक.

आणि आपल्या बीडकडं दिवाळीच्या आगंमागं लेकरं आईबापासंगं ऊसतोडीला जातात. त्यांच्या पिशवीत दोन पुस्तकं टाका, परत यायची आशा न धरता. माझं एक आलं होतं फडावरून. कव्हर गेलेलं, पानांत पाचट अडकलेलं, अन् शेवटच्या कोऱ्या पानावर चार पोरांची नावं.