रात्री तीनला हाका मारणाऱ्या सयामीबद्दल

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं. बारा वर्षांपूर्वी हेच सगळं मी रडकुंडीला येऊन लोकांना विचारत फिरत होते. नऊ महिन्यांची सयामी मांजरी, दोन महिन्यांपूर्वी पिल्लं बंद करायचं ऑपरेशन झालेलं. रात्री तीनला घर डोक्यावर घेते, पडद्यावर चढते, सासूबाईंची लोकरीची शाल चोखते, आणि ऑपरेशनच्या जागी कुशीवर चक्क काळा चौकोन उगवलाय. घर शाकाहारी. वर दिवाळीत आठ दिवस गावाला जायचंय. एवढंच ना?

आधी काळा चौकोन, कारण तो सगळ्यात सोपा. सयामीच्या अंगात केसांना रंग देणारं जे एन्झाइम असतं, त्याला ऊब सोसत नाही. पोट-पाठ गरम, तिथे ते बंद पडतं, म्हणून तो भाग दुधी राहतो. कान, तोंड, पंजे, शेपूट त्या मानाने गार, तिथे त्याचं काम चालू, म्हणून ते काळपट. पिल्लं आईच्या पोटातल्या उबेत वाढलेली असतात, त्यामुळे जन्मतात तेव्हा जवळजवळ पांढरी असतात. १९३० साली दोन रशियन संशोधकांनी सयामीचे केस भादरून, ती जागा गार ठेवून, तिथे गडद केस उगवतात हे दाखवून दिलं होतं. तुमच्या डॉक्टरांनी नकळत तोच प्रयोग केला. केस काढलेली कातडी उघडी पडली, गार राहिली, नवे केस काळे आले. पुढच्या एक-दोन वेळा केस गळून नवे आले की चौकोन फिका पडेल. वर्षभरही लागू शकतं. औषध लावू नका. हां, केसच गळून टक्कल पडलं, कडा गोल दिसल्या, कोंडा सुटला किंवा ती सारखी खाजवायला लागली, तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो आणि मग डॉक्टर गाठायचेच.

आमचीही सयामीच, नाव ठकी. तिची सख्खी बहीण माझ्या नणंदेकडे देहरादूनला आहे. दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर आमची म्हणजे दुधात चमचाभर कॉफी, तिकडची म्हणजे कॉफीत चमचाभर दूध. बडोद्याच्या उन्हाळ्याची कृपा.

आता रात्रीचं रडगाणं. ऑपरेशन झालंय म्हणजे ती माजावर आली असण्याची शक्यता जवळपास नाही. ज्यांचं अजून व्हायचंय त्यांच्यासाठी सांगते: सयामी लवकर वयात येतात, कधीकधी पाचव्या महिन्यातच, आणि त्या वेळचं लोळणं-ओरडणं पाहून लोक पोटात दुखतंय समजून दवाखान्यात पळतात. तुमची मात्र बोलतेय. सयामी ही मुळात बडबडी जात, आवाज तान्ह्या बाळासारखा, आणि तिला माणसाने उत्तर दिलेलं हवं असतं. तुम्ही लिहिलंय की 'उठून जवळ घेतलं की गप्प होते.' गोम इथेच आहे.

मीही पहिलं वर्षभर हेच केलं. रात्री तीनच्या सुमारास ठकी ओट्यावर चढायची. स्टीलची वाटी पंजाने बोटभर सरकवायची, थांबून दाराकडे बघायची, परत बोटभर सरकवायची. मी उठले नाही तर वाटी खाली. मी उठायचे, मूठभर खाऊ टाकायचे आणि शिव्या देत झोपायचे. मला वाटायचं मी तिला गप्प केलं. तिने मात्र मला शिकवलं होतं की वाटी पडली की बाई उठते आणि डबा वाजतो. सासूबाई त्याच्याही पुढच्या, त्या तर पलंगावरूनच 'काय गं ठके' म्हणून ओ द्यायच्या, की झालं, अर्धा तास दोघींचा संवाद.

मांजराचा दिवस असा चालतो: दबा धरायचा, झडप घालायची, पकडायचं, खायचं, अंग चाटायचं, झोपायचं. दिवसभर ती एकटी झोपा काढते, संध्याकाळी तुम्ही दमून येता, रात्री दहाला दिवे बंद. तिची शिकार राहिलेली असते, ती तीनला सुरू होते. म्हणून रात्री साडेनऊ-दहाला पंधरा मिनिटं तिला खेळवा, पण नीट. काठीला जुन्या साडीची गाठ मारलेली जाड पट्टी बांधा आणि ती उंदरासारखी चालवा: पलंगाखाली जाऊ दे, थांबू दे, दाराआड लपू दे. नुसती तोंडासमोर नाचवलीत तर तिला कंटाळा येतो. दर दोन-तीन झडपांनी एकदा तिला पकडू द्या. लेझरचा लाल ठिपका आणू नका. हाती काहीच लागत नाही, पोर वैतागते. खेळ संपला की लगेच रात्रीचं मुख्य जेवण द्या. खाईल, चाटेल आणि झोपेल.

आणि तीनला ओरडली तर उठायचं नाही. रागवायचं नाही, 'शूक' करायचं नाही, दारातून डोकावायचंही नाही. सासूबाईंनाही विश्वासात घ्या, नाहीतर सगळं पाण्यात. एक आधीच सांगून ठेवते, पहिले आठ-दहा दिवस ती जास्त ओरडेल, कारण आजवर चाललेली युक्ती का चालत नाही हे तिला कळत नसतं. याच टप्प्यावर लोक हरतात आणि उठतात. मग ती शिकते की आणखी जोरात ओरडायला हवं. आम्हाला तीन आठवडे लागले. मात्र वय वाढलेलं मांजर अचानक रात्री ओरडायला लागलं तर हा हट्ट धरू नका. थायरॉइड, रक्तदाब तपासून घ्या.

पडद्यांचं म्हणाल तर तिला उंची हवी, पडदा नव्हे. आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या घरात फडताळाच्या डोक्यावर गोधडी टाकून ठेवलीय, तिथून तिला अख्खं स्वयंपाकघर दिसतं, पडदे सुटले. फ्लॅटमध्ये खिडकीशी एक मजबूत फळी पुरते. नखांसाठी लाकडी खांबाला सुंभ घट्ट गुंडाळा. पूर्ण ताणून उभं राहता येईल इतका उंच हवा आणि हलता कामा नये. दिवसा खाऊ वाटीत आयता देण्यापेक्षा मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात टाका. अर्धा तास पंजे घालून काढत बसते.

शाल चोखणं सयामींमध्ये पुष्कळ दिसतं. नुसतं चोखत असेल तर शाल कपाटात ठेवा आणि विसरा. लोकर तोडून गिळत असेल तर ते गंभीर.

खाण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी गोड बोलणार नाही. दूध-पोळीवर मांजर जगतं असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या म्हणतात. ते मांजर बाहेर जाऊन उंदीर खात होतं म्हणून जगत होतं. टॉरीन नावाचा एक घटक मांजराच्या शरीरात पुरेसा बनत नाही, तो खाण्यातूनच, मुख्यतः मांस-मासळीतून, यावा लागतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदयाचे स्नायू सैल पडतात. हृदयाचं हे कारण १९८७ साली अमेरिकेत उलगडलं आणि त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यात टॉरीन वाढवलं. आम्हीही शाकाहारी. घरात काही शिजवत नाही, मांजरांचं पाकिटातलं खाणं देतो, कोरडं आणि ओलं दोन्ही. सासूबाईंनी पहिल्या दिवशी नाकाला पदर लावला होता, आता स्वतः पाकीट फोडतात. कुत्र्याचं खाणं चालत नाही. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. ऑपरेशननंतर वजन भराभर वाढतं, म्हणून वाटी भरून ठेवू नका, मोजून द्या.

पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं पर्मेथ्रिनचं औषधही तसंच. कोणी लिलीचा गुच्छ आणला तर दारातूनच परत.

आणि बडोद्यात राहता म्हणून खास: उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण. खिडकीला जाळी हवीच, पण मांजा जाळीतूनही आत येतो. ठकी दोन वर्षांची असताना वासी उत्तरायणच्या, म्हणजे १५ जानेवारीच्या, दुसऱ्या दिवशी जेवेना, लाळ गाळायला लागली. तोंड उघडून पाहिलं तर जिभेच्या मुळाशी गुलाबी दोरा अडकलेला, दुसरं टोक पोटात. मी ओढणारच होते. यांनी हात धरला. दोरा एका टोकाला अडकलेला असताना ओढला, तर नाडी ओढल्यावर परकर चुणतो तशी आतडी चुणतात आणि चिरतात. पोट उघडूनच काढावा लागला. तेव्हापासून १३ जानेवारीलाच गच्चीचं दार बंद, आणि पुढचे चार-पाच दिवस रोज सकाळी मी अंगण, झाडं, खिडक्यांच्या कडा फिरून दोरे गोळा करते. खेळायची काठीसुद्धा खेळ झाला की कपाटात.

राहिलं दिवाळीचं. तिला सोबत नेऊ नका. फटाके, परका गाव आणि उघडं दार, तिन्ही एकत्र नको. घरीच ठेवा, एका आतल्या खोलीत पलंगाखाली जुनी चादर टाकून लपायला जागा करून द्या, आणि सकाळ-संध्याकाळ येणारं माणूस बघा. ते नुसतं वाटी भरून जाणारं नको, बसणारं हवं. आमच्याकडे समोरच्या बेन येतात. जाण्याआधी आठ दिवस त्यांना रात्रीच्या खेळाला बोलावलं, काठी त्यांच्या हातात दिली. आता ठकी त्यांच्याशी गुजरातीत भांडते, आणि आम्ही परत आलो की आमच्याकडे पाठ करून दोन तास बसते.