अल ऐनला पहिल्यांदा जाताय?

अबू धाबी अमिरातीतलं हे शहर, दुबईहून दीडेक तासाचा रस्ता आहे, पण सकाळीच निघा. डोंगर, किल्ला नंतर. आधी खजुराच्या बागांमध्ये, म्हणजे अल ऐन ओअॅसिसमध्ये शिरा. तिकीट नाही. लाखाहून जास्त झाडं, आणि मातीच्या भिंतींमधल्या गल्लीत पाऊल टाकलं की ऊन एकदम निवतं. खरी गंमत 'फलज'ची, म्हणजे आपल्या पाटाचीच. उताराने पाणी येतं, तोंड अडवलं की शेजारच्या बागेकडे वळतं. तिथे जरा उकिडवं बसून बघा. २०११ पासून हे ओअॅसिस जागतिक वारसा यादीत आहे. बागा खाजगी मालकीच्या आहेत, तेव्हा फळं तोडू नका (मी हात घातला होता, बोलणी खाल्ली). हिवाळा उत्तम, ताजा, ओला खजूर हवा असेल तर मात्र जुलैचं ऊन सोसावं लागेल.