बाळ निम्मं वडिलांचं, मग आईचं शरीर ते नाकारत का नाही?

तुमचे प्रश्न दोन: वडिलांची जनुकं असूनही वार (प्लासेंटा) टिकते कशी, आणि रक्तात ‘एनके पेशी जास्त’ आल्या (एनके म्हणजे ‘नॅचरल किलर’, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) म्हणून गर्भ टिकावा यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घ्यावं का. पहिलं नीट समजलं की दुसरं बरंचसं सुटतं.

‘वार स्वतःला लपवते’ हे निम्मंच खरं. आईच्या रक्तात थेट भिजणारा वारेचा थर, सिन्सिशियोट्रोफोब्लास्ट, एचएलए प्रथिनं दाखवतच नाही. किडनी बसवताना जुळवतात तीच ही प्रथिनं, पेशीची ओळखपत्रं म्हणा. शिवाय त्या थरावरची सीडी५५, सीडी५९ ही प्रथिनं कॉम्प्लिमेंटचा, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांचा, मारा थोपवतात.

गर्भाशयाच्या अस्तरात शिरणाऱ्या वारेच्या पेशींचं, म्हणजे ट्रोफोब्लास्ट पेशींचं, मात्र वेगळं आहे. त्या एचएलए-ए आणि बी दाखवत नाहीत. सी, ई आणि जी दाखवतात. यातलं जी शरीरात इतरत्र क्वचितच सापडतं आणि माणसागणिक फारसं बदलत नाही. सी मात्र बदलतं, आणि त्याची एक प्रत वडिलांकडून आलेली असते. म्हणजे परकेपणा आईला दिसतोच!

तो ओळखतात अस्तरातल्या एनके पेशी. पहिल्या तिमाहीत तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. त्या वारेवर तुटून पडत नाहीत. उलट गर्भाशयाच्या रोहिण्या रुंद व्हायला हातभार लावतात. केंब्रिजच्या ॲशली मॉफेट यांच्या गटाला २००४ मध्ये असं आढळलं की आईची केआयआर जनुकं (एनके पेशी ज्यांनी एचएलए-सी ओळखतात त्या प्रथिनांची जनुकं) ‘एए’ प्रकारची आणि बाळाचं एचएलए-सी ‘सी२’ गटातलं असेल, तर प्रीएक्लॅम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या आजाराचा, धोका वाढतो. या जोडीत एनके पेशींना जास्तच लगाम बसतो आणि रोहिण्या पुरेशा रुंदावत नाहीत, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

मग सरसकट एनके पेशींना दाबायची घाई कशाला? त्यातून रक्तातल्या एनके पेशी वेगळ्या. त्यांच्या आकड्यावरून अस्तरात काय चाललंय ते कळत नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा उपचारही कुणीतरी सुचवेलच. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नव्हता. माझं मत विचाराल तर त्यावर पैसे घालू नका.

पुन्हा पुन्हा गर्भपात होत असतील तर आधी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढवणाऱ्या अँटिबॉडी), थायरॉइड आणि गर्भाशयाची रचना तपासली आहे का, ते डॉक्टरांना विचारा. त्या अँटिबॉडी निघाल्या, तर ॲस्पिरिन-हेपॅरिनचा उपचार आहे, आणि त्याला अभ्यासांचा आधारही आहे.