मानसशास्त्रात संख्याशास्त्र कशासाठी? एका आईच्या पत्राला उत्तर

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातून तुम्ही पाठवलेले पत्र वाचले. तुमच्या मुलीने एसएसएलसीपर्यंत (दहावीपर्यंत) मराठी माध्यमातून शिकून, पीयूसीनंतर (बारावीनंतर) बेळगावच्या कॉलेजात बी.ए.साठी मोठ्या हौसेने मानसशास्त्र घेतले. पण वर्गात मज्जासंस्था, प्रयोग आणि संख्याशास्त्र सुरू होताच, ‘मला माणसांची मने समजून घ्यायची होती, हे तर सायन्सच निघाले,’ असे म्हणून ती आता विषय बदलायला निघाली आहे. ‘वेड्यांची डॉक्टर होऊन काय करणार?’ हा नातेवाइकांचा प्रश्नही तुम्ही कळवला आहे. माझे मत स्पष्ट आहे: ज्या भागाला ती कंटाळली आहे तोच या विषयाचा कणा आहे आणि तो नीट पाहिल्याशिवाय तिने विषय सोडू नये.

मनाविषयी प्रत्येकाचे काही ना काही मत असतेच. शास्त्राची सुरुवात मात्र ते मत चुकीचे ठरू शकेल अशा रीतीने तपासायला घेतले की होते. जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली, ती याच भूमिकेतून. आपल्याकडे कोलकाता विद्यापीठात १९१६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला.

हे तिला घरीच अनुभवता येईल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आजही पहिल्या वर्षाला शिकवतात. कागदावर ‘लाल’ हा शब्द हिरव्या स्केचपेनने, ‘निळा’ हा पिवळ्याने, असे वीस-पंचवीस शब्द लिहावेत आणि समोरच्याला शब्द न वाचता फक्त शाईचा रंग सांगायला लावावे. जीभ अडखळते, कारण सरावलेला डोळा शब्द वाचल्यावाचून राहत नाही. आता आपल्या भागातल्या मुलीला सहज सुचावा असा पुढचा प्रश्न घ्या: तशीच दुसरी यादी कन्नड लिपीत, ‘केंपु’, ‘हसिरु’, ‘नीली’ अशा शब्दांची केली, तर मराठी शाळेत शिकलेल्यांना कोणती यादी जास्त अडवेल? जी भाषा वाचण्याची सवय अधिक मुरलेली, तिचा अडथळा साधारणपणे मोठा, असे दोन भाषा जाणणाऱ्यांवरील प्रयोगांत दिसत आले आहे. मात्र सगळ्यांना आधी मराठी यादी दिली आणि कन्नड यादीच्या वेळी ते भराभर रंग सांगू लागले, तर तो भाषेचा परिणाम की नुसत्या सरावाचा, हे कसे ठरवणार? म्हणून निम्म्यांना आधी मराठी आणि निम्म्यांना आधी कन्नड यादी द्यावी लागते, आणि आपली अपेक्षा काय आहे हे कोणालाही आधी सांगायचे नसते. शेवटी मोबाईलच्या स्टॉपवॉचवर प्रत्येकाची वेळ वेगळी येणार. दोन याद्यांतला फरक खरा की योगायोगाचा, हे सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत त्याचे माप) काढल्याशिवाय सांगता येत नाही. संख्याशास्त्राचा तास आहे तो एवढ्यासाठी.

हा विषय स्वतःलाही त्याच कसोटीवर घासून पाहतो, याचा मला विशेष आदर वाटतो. पूर्वी प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास अनेक संशोधकांनी मिळून पुन्हा करून पाहिले, तेव्हा सुमारे ३६ टक्के अभ्यासांतच पुन्हा ठोस निष्कर्ष मिळाला, आणि ही नामुष्कीची बाब त्यांनी २०१५ मध्ये उघडपणे छापली. उद्या कोणाच्या दुःखावर उपाय सुचवायचा असेल, तर तो उपाय खरोखर तपासलेला आहे का, हे विचारण्याची सवय तिला आजच लागायला हवी.

नातेवाइकांना एवढेच सांगा की औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ एमबीबीएस होऊन पुढे त्या शाखेत शिकलेला डॉक्टर असतो. तुमच्या मुलीची वाट निराळी आहे. नुसत्या बी.ए.वर समुपदेशनाचा व्यवसाय करण्याचा विचारही करू नये. एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि त्यापुढे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) व्हायचे असल्यास, भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण व नोंदणी आवश्यक असते. पदव्युत्तर शिक्षणासाठी धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ जवळ आहे; मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात धारवाडला डिम्हान्स आणि बंगळूरला निम्हान्स या संस्था आहेत. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या परिषदेच्या आणि त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात.

भाषेची अडचण खरी आहे, ती मी हलकी लेखत नाही. इंग्रजी संज्ञा अडली की मराठी विश्वकोशातील नोंद वाचून तिचा अर्थ स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवावा. विश्वकोश इंटरनेटवर मोफत मिळतो. पुढे मात्र हीच मुलगी निपाणी-खानापूरच्या माणसाशी मराठीत आणि बैलहोंगलच्या माणसाशी कन्नडमध्ये बोलू शकली, तर तिच्यासमोर माणसे मोकळी होतील, म्हणून कन्नडही तिने मनापासून पक्के करावे.

विषय बदलण्याची शेवटची मुदत काय आहे, हे कॉलेजच्या ऑफिसात उद्याच विचारून घ्या. त्याआधी तिला वर्गातल्या दहा-बारा मैत्रिणींवर हा दोन याद्यांचा प्रयोग करू द्या आणि आलेले आकडे घेऊन प्राध्यापकांना भेटायला सांगा. ते आकडे मांडतानाही तिला कंटाळाच आला, तर विषय बदलायला माझी हरकत नाही.

आपली,
करिअर समुपदेशक