वाचकांचे प्रश्न : सीएफएलच्या उजेडात रोपं

प्रश्न : आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, उजेडाची खिडकी एकच आणि तीही उत्तरेकडची. एलईडी लावल्यापासून २३ वॉटचे सहा-सात सीएफएल (पीळदार नळीचे दिवे) कपाटात पडून आहेत. त्यांच्या उजेडात टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं तयार होतील का? मागे एक दिवा ट्रेवर टांगला होता, पण रोपं लांबुळकी, फिकट झाली आणि आडवी पडली. (रामबाग, इंदूर)

उत्तर : होतील. तुमचा दिवा वाईट नव्हता, तो लांब होता. दोऱ्याने टांगलेला दिवा बहुतेक घरांत ट्रेपासून फूट-दीड फूट वर राहतो. उघड्या २३ वॉटच्या सीएफएलखाली एका फुटावर जेमतेम दीड हजार लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडतो. वाचायला तो भरपूर वाटतो, पण टोमॅटोच्या रोपाला तो अंधारच. अंतर निम्मं केलं की उजेड साधारण चौपट होतो. म्हणून कोणता दिवा घ्यावा यापेक्षा तो किती जवळ आणता येतो, हे आधी पाहा.

दोन फूट बाय दीड फुटाच्या ट्रेला २३ वॉटचे चार सीएफएल लावा. एका दिव्याचे सुमारे १५०० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप), म्हणजे चारांचे ६०००. वर नीट पांढरं झाकण असेल तर त्यातला साठ टक्के उजेड ट्रेवर उतरतो आणि शेंड्यांवर १३ हजार लक्सच्या आसपास मिळतो. रोज १४ तास एवढा उजेड भाजीच्या रोपांना पुरतो. खोक्यावर ‘१०० वॉटच्या बरोबरीचा’ असं छापलेलं असतं, ते विसरा. ती तुलना जुन्या पिवळ्या बल्बशी आणि माणसाच्या डोळ्यांपुरती आहे. हिशोब २३ चाच धरायचा.

रंगाचा आकडा दिव्याच्या बुडाशी असतो. ६५०० के, म्हणजे पांढरा, रोपांना हवा. त्यात निळा भाग जास्त असल्याने पेरं आखूड राहतात आणि खोड जाड होतं. २७०० के, म्हणजे पिवळट दिव्याखाली तीच रोपं उंच धावतात. पिवळे दोन-तीनच असतील तर पांढऱ्यांबरोबर चालतील, नुसते पिवळे नकोत.

आता जोडणी. प्लायच्या दोन फुटी फळीला खालच्या बाजूने पांढरा ऑइलपेंट द्या. चुरगळलेली चंदेरी फॉइल लावू नका, ती उजेड पसरवण्याऐवजी ठिपक्याठिपक्यांनी गोळा करते आणि तारेला टेकली तर शॉकची भीती. फळीला चार अँगल होल्डर असे बसवा की दिवे आडवे राहतील. सीएफएलचा जास्त उजेड नळीच्या बाजूंनी बाहेर पडतो, टोकाकडून कमी. उभा टांगला की तो भिंतींना उजळतो आणि खालचं रोप उपाशी राहतं. एका होल्डरमधून तीन दिवे काढणारी जोडणी घेऊ नका, तिच्यात दिव्यांच्या बुडातले चोक एकमेकांना चिकटून तापतात. दिवा निकामी होतो तो बहुधा या चोकच्या उष्णतेने, म्हणून बाजू मोकळ्या ठेवा. बंद खोक्यात सीएफएल कधीच लावू नये.

फळी साखळीने टांगा, म्हणजे रोज एकेक कडी वर घेता येते. नळी आणि शेंडा यांत ८ ते १० सेंटिमीटर अंतर ठेवा. हाताची पाठ शेंड्याच्या उंचीवर मिनिटभर धरा. चटका वाटला तर दोन बोटं वर घ्या, नुसती ऊब लागली तर बरोबर आहे. ट्रेच्या कडेला उजेड कमी पडतो, तेव्हा ट्रे रोज अर्धा फिरवायचा.

मिरचीचं बी २५ ते ३० अंश तापमानाला लवकर रुजतं. जानेवारीत इंदूरच्या घरात एवढी ऊब नसते. पेरलेला ट्रे झाकून त्याच फळीच्या वर ठेवा, चोकची ऊब फुकट मिळते. मात्र ट्रेखाली पाणी गळू न देणारं ताट हवंच. टोमॅटो-मिरचीला रुजायला उजेड लागत नाही, पण पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी दिव्याखाली आणा. रोपं लांबुळकी होतात ती याच दोन-तीन दिवसांत.

टोमॅटोचं रोप लांबलंच तर दुसऱ्या कुंडीत लावताना बीजपत्रांपर्यंत (रुजताना आलेल्या पहिल्या दोन पानांपर्यंत) मातीत पुरा, खोडाला मुळं फुटतात. वांगी-मिरचीला हा उपाय फारसा लागू पडत नाही. आणि आडवी पडलेली रोपं मातीलगत बारीक, तपकिरी, पिचलेली दिसत असतील तर दोष उजेडाचा नाही, तो मर रोग आहे. कोकोपीट (ट्रेमधला नारळाच्या काथ्याचा भुसा) सतत ओलं राहिल्याने बुरशी धरते. पाणी खालच्या ताटातून द्या, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका आणि छोटा पंखा मंद फिरता ठेवा.

प्रश्न : सीएफएल आता दुकानात फारसे मिळत नाहीत. नवे शोधावेत की एलईडी घ्यावेत? जांभळे ‘ग्रो लाइट’ कसे असतात? मला मेथी, कोथिंबीर आणि पुदिना लावायचा आहे. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : घरात असतील ते सीएफएल वापरा, नवे मात्र विकत घेऊ नका. सीएफएल एका वॉटला ६० ते ६५ ल्युमेन देतो, साधा एलईडी शंभराच्या आसपास, आणि एलईडीचा उजेड एकाच दिशेला जात असल्याने वाया कमी जातो. चार फूट बाय दीड फुटाच्या रॅकला २० वॉटच्या चार पांढऱ्या एलईडी बॅटन (पट्टीसारखे लांब दिवे) पुरतात. महाराणी रोडवर त्या कुठल्याही विजेच्या दुकानात मिळतील. खोक्यावर ल्युमेन छापलेले पाहूनच घ्या, २००० च्या खाली नकोत. पानांपासून १५ सेंटिमीटरवर लावा. ८० वॉट रोज १४ तास म्हणजे महिन्याला साधारण ३४ युनिट. तुमच्या बिलातल्या दराने गुणून पाहा, मग मेथीची जुडी कितीला पडते ते कळेल. पुदिन्याला मात्र इतकी बडदास्त लागत नाही, तो खिडकीतही निभावतो.

जांभळ्या दिव्यांनी रोपं वाढतात, पण क्लिपवाल्या छोट्या दिव्यांचे वॉट बहुधा फुगवून सांगितलेले असतात. त्या रंगात पान पिवळं पडलंय की मावा लागलाय, हे डोळ्यांना दिसतच नाही. आमच्या मते घरासाठी पांढरा दिवाच बरा.

कोथिंबिरीला मात्र १२ तासांपेक्षा जास्त उजेड देऊ नका. दिवस लांबला आणि उकाडा वाढला की ती पानं सोडून तुरा धरते.

प्रश्न : सीएफएलखालची मिरची छान वाढली, फुलंही आली, पण सगळी गळतात. (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : सीएफएलचा उजेड वरच्या एका थरापुरता असतो. झाड फूटभर झालं की खालची पानं अंधारात जातात आणि फळ पोसायला झाडाकडे काही उरत नाही. आणखी दिवे लावून बिल वाढवू नका, झाड गॅलरीत न्या. आधी आठवडाभर सवय करा : पहिल्या दिवशी सकाळचं तासभर ऊन, मग रोज तासाभराने वाढवा. एकदम उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून करपतात. रात्र १५ अंशांच्या खाली गेली तरी मिरचीची फुलं गळतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत फळाची घाई नको.

प्रश्न : शेवंतीची कुंडी याच रॅकशेजारी आहे. कळीच येत नाही. (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : शेवंतीला कळी धरायला लांब, सलग रात्र लागते. तुमचे दिवे रात्री दहापर्यंत चालू असतील तर तिच्या लेखी अजून उन्हाळाच आहे. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ ती पूर्ण अंधारात राहील अशा जागी हलवा. मधूनच खोलीतला दिवा लागला तरी बिघडतं.

प्रश्न : टायमर लावूनही वेळ चुकते. आणि जुने दिवे कधी बदलायचे, टाकायचे कुठे? (रामबाग, इंदूर)

उत्तर : तुमचा टायमर चकतीवर दाती असलेला असणार. वीज गेली की त्याची चकती थांबते, तासभर वीज गेली तर तो तासभर मागे पडतो. बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमर घ्या, नाहीतर आठवड्यातून एकदा चकती जुळवा.

सीएफएल विझेपर्यंत वाट पाहू नका. नळीची बुडाकडची टोकं काळी पडली की उजेड बराच उतरलेला असतो, डोळ्यांना ते जाणवत नाही. रोज १४ तास लावला तर वर्षात पाच हजार तास भरतात, तेवढ्यावर बदलावा.

प्रत्येक सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. दिवा फुटला तर खिडकी उघडा, पंधरा मिनिटं मुलांना घेऊन खोलीबाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नका, त्याने पारा पसरतो. काचा जाड पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरा. ट्रेमध्ये काच पडली असेल तर त्यातली माती आणि रोपं दोन्ही टाकून द्या, ती भाजी खायची नाही. गेलेला दिवा न फोडता कागदात गुंडाळून कचरागाडीवर घातक कचऱ्यात वेगळा द्या, सुक्या कचऱ्यात मिसळू नका.