आरसा, दर्पण आणि साधकाचा अहंकार

गंगापूर रोडच्या एका वाचक ताईंनी विचारलंय : सत्संगाला गजरा माळून, काजळ घालून गेलं की मैत्रिणी म्हणतात, ‘साधना करतेस आणि एवढा अहंकार?’ नटण्याच्या हौसेला अहंकार म्हणतात का, आणि ती साधनेच्या आड येते का?

नाही म्हणत! हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. सांख्य हे आपलं एक जुनं तत्त्वज्ञान, ते सृष्टीची पंचवीस तत्त्वं मोजतं. अहंकार हे त्यांपैकी एक, बुद्धीनंतरचं. ‘मी’ आणि ‘माझं’ ही जाणीव म्हणजे अहंकार, आणि तो मळक्या कफनीतही असतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात (श्लोक 18) ‘अहंकारं बलं दर्पं’ असे शब्द ओळीने आलेत. एकाच गोष्टीला व्यासांनी दोन नावं कशाला दिली असती?

मैत्रिणींना म्हणायचाय तो दर्प, म्हणजे रूपाचा तोरा. दर्प आणि दर्पण एकाच ‘दृप्’ धातूचे, म्हणजे क्रियापदाच्या मुळाचे, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचे अर्थ दिलेत हर्ष आणि मोहन. खुलणं आणि भुलणं, दोन्ही एकाच धातूच्या पोटात! काही पंडित दर्पण ‘संदीपन’ अर्थाच्या धातूवरून लावतात, म्हणजे उजळतं ते दर्पण. मला हे मुळीच मान्य नाही. अंधारात आरसा काय उजळणार? तो बघणाऱ्याला खुलवतो, म्हणून दर्पण. ताई, तुमचा गजरा खुलण्यात मोडतो. नामस्मरणाला डोळे मिटल्यावरही आपण कशा दिसतोय हेच दिसायला लागलं, की भुलणं सुरू झालं.

पण खरा आनंद आहे तो ‘आरसा’ शब्दात. संस्कृत ‘आदर्श’, त्याचं प्राकृतात ‘आयरिस’, ज्ञानेश्वरीत ‘आरिसा’ आणि आपल्या तोंडी आरसा. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातही ‘दर्पणे मुकुरादर्शौ’ असंच आहे, म्हणजे दर्पणाला मुकुर आणि आदर्श ही नावं. आदर्शाचा मूळ अर्थ आरसाच. ज्याच्यात बघून स्वतःला नीट करावं, तो आदर्श. पंढरपुरात विठोबाला आरसा दाखवायचं काम डिंगरे या सेवेकरी मंडळींकडे परंपरेने होतं. 2015च्या सिंहस्थात नाशिकला तपोवनातल्या साधुग्रामात पहाटे तळहाताएवढ्या आरशात बघून गोपीचंदनाचे पट्टे ओढणारे वैष्णव साधू पाहिले आहेत. मधली लाल रेघ जरा तिरकी गेली की पुसून पुन्हा ओढायचे. (आरशात. ‘आरश्यात’ नव्हे. पैसा-पैशात, ससा-सशाला, तसंच हे.)

आता दर्पाचा दुसरा अर्थ, उग्र वास. लासलगावकडे साठवणीच्या चाळीत कांदा सडला की नाकात जातो तो दर्पच. कोशकार हा अर्थ निराळा आकडा घालून देतात आणि पुढे जातात, दोन अर्थांचा सांधा कोणी सांगत नाही. माझ्या मते वासाचा दर्प गर्वाच्या दर्पातूनच आला, आणि मला त्यासाठी ‘मद’ हा साक्षीदार पुरेसा वाटतो. मद म्हणजे गर्व. हत्तीच्या गंडस्थळातून झरतो तोही मद, वास उग्र. कस्तुरी म्हणजे मृगमद. माज आणि वास भाषेने तिथेही एकत्रच बांधलेत. ज्यांना वासाचा दर्प हा वेगळाच शब्द वाटतो, त्यांनी आधी या मदाचं काय करायचं ते सांगावं.